हायेलच्या तोंडातली सिगारेट

रुदैना माझ्या धाकट्या बहिणीची, इन्साफची मुलगी. तिच्याबद्दल आमच्या इर्बिद शहरात जे सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे. तिने भर रस्त्यात चुलतभावाच्या थोबाडीत दिली, असं सांगतात. दिली नाही. थोबाडीत दिली असती तर आठवड्यात सगळे विसरले असते. तिने त्याच्या तोंडातली पेटलेली सिगारेट काढून घेतली आणि स्वतः ओढली. हे मात्र कुणी विसरलं नाही, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

हुक्का ती घरातच शिकली. इन्साफकडे सकाळी नवरे कामावर गेले की बायका जमायच्या. कॉफी, सूर्यफुलाच्या बिया, कुणाच्या सुनेचं काय झालं, आणि मधे हुक्का. मुलगी कॉलेजात जायला लागली की नळी तिच्याकडेही वळायची, त्यात कुणाला काही वाटत नसे. गुरुवारी संध्याकाळी तिचा बाप, नायेफ, स्वतःच्या हाताने चिलीम भरायचा, सफरचंदाचा तंबाखू बोटांनी मोकळा करून. सगळं कुटुंब गच्चीवर बसून ओढायचं. आमच्याकडे हुक्का हे धूम्रपानात धरतच नाहीत. तो पाहुणचार आहे, गप्पा आहेत. सिगारेट मात्र मुलीने हातात धरली की ती गेली कामातून. का, ते विचारू नका. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, नकाशावरच्या रेषा कुणी आणि का आखल्या ते मला सांगता येतं. ही रेषा कुणी आखली ते सांगता येत नाही.

हुक्का चांगला, असंही मी म्हणत नाही. छातीचं वाटोळं करतो. पण पुढे जे रामायण झालं त्यात इतक्या पुरुषांनी इतकी भाषणं केली, आणि त्या पोरीच्या छातीचं काय, हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. सगळ्यांना काळजी होती ती इज्जतीची.

रुदैना कायदा शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. लहानपणापासून वाद घालायची. शाळेत गणिताच्या बाईंनी तिला एकदा वर्गाबाहेर काढलं तर तिने दारात उभं राहून बाईंचीच चूक दाखवली. तिला विद्यापीठात घालायला तिच्या काकाचा, मुफ्लेहचा, विरोध होता. मुफ्लेह म्हणजे नायेफचा मोठा भाऊ. गावाकडे राहायचा, शब्दाला वजन होतं, आवाजाला त्याहून जास्त. नायेफ नगरपालिकेत कारकून. भावापुढे त्याने आयुष्यात मान वर केली नव्हती. त्या एका वेळी मात्र इन्साफने आणि मी मिळून त्याला फॉर्मवर सही करायला लावली होती. मुफ्लेहचा मुलगा हायेलही त्याच विद्यापीठात होता. कुठल्या वर्षाला, हे त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. त्याचा खरा वर्ग भरायचा तो विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या फानूस कॅफेत.

फानूसला दोन मजले. खालचा मजला पुरुषांचा, रस्त्याकडे मोठमोठ्या काचा, वारा खेळता. मुलींनी जिना चढून वर जायचं, पडद्यामागे. तिथे एकही खिडकी नाही, आणि खालच्या पन्नास हुक्क्यांचा धूर त्याच जिन्याने वर यायचा. पोरी तिथे डोळे पुसत पुसत अभ्यास करायच्या. घरी तरी कुठे जागा होती? भाऊ, टीव्ही, पाहुणे. फानूसमध्ये एका हुक्क्यावर दुपार काढता यायची.

वारसा कायद्याची परीक्षा जवळ आली होती. रुदैनाचं डोकं दुखत होतं. तिने पुस्तक उचललं, जिना उतरली आणि खिडकीजवळच्या टेबलावर जाऊन बसली. शुक्री नावाचा वेटर, चांगला पन्नाशीचा माणूस, धावत आला.

"बाई, मुलींचं वर."

"वर श्वास घेता येत नाही."

"हुक्का ओढायला आलीस आणि श्वास मागतेस?"

"दोन्ही मागते. कोळसा आण."

शुक्री मालकाकडे बघत राहिला. मालक गल्ल्यावर टेकला होता. मुलगी रोज येणारी, भांडखोर, आणि कायद्याची. त्याने मान हलवली. कोळसा आला. पहिले काही दिवस सगळा मजला माना वळवून बघत होता, मग माना दुखायला लागल्या तसा बघायचा बंद झाला. एक-दोन मुलींनी विचारलं, आम्ही येऊ का? ती म्हणाली, "मला काय विचारता? खुर्च्या माझ्या बापाच्या आहेत का?" त्या आल्या नाहीत, ते सोडा.

मग एका दुपारी हायेल तीन मित्रांना घेऊन आला. इतके दिवस त्याने न पाहिल्यासारखं केलं होतं. मित्र चिडवायला लागले असणार. तो टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काय वकीलसाहेब, खटला कुठवर आला?"

रुदैनाने पान उलटलं.

"काकांना माहीत आहे का, त्यांची लेक रस्त्याला दाखवायला काचेत बसते?"

"तुझ्या बापाला माहीत आहे का, तू तिसऱ्यांदा नापास झालास?"

मित्र हसले. तिथेच हायेलचं बिनसलं. त्याने खिशातून सिगारेट काढली, ओठात धरली, वाकला आणि तिच्या हुक्क्यावरच्या निखाऱ्यावर पेटवली.

दुसऱ्याच्या हुक्क्याच्या निखाऱ्यावर सिगारेट पेटवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या लेखी तू कुणी नाहीस, असं तोंडावर सांगणं ते. पुरुषाच्या हुक्क्यावर कुणी असं केलं तर खुर्च्या उडतात, डोकी फुटतात. हायेलला ते पक्कं ठाऊक होतं. ही मुलगी, ही काय खुर्ची उचलणार? रडेल आणि वर जाईल, एवढाच त्याचा हिशोब. शुक्री चिमटा हातात धरून जागच्या जागी उभा.

रुदैनाने नळी गुंडाळून टेबलावर ठेवली. हात लांब केला आणि त्याच्या ओठांतून सिगारेट काढून घेतली.

"माझ्या निखाऱ्यावर पेटली," ती म्हणाली, "म्हणजे माझी."

आणि तिने ती ओढली. पूर्ण. काचेतून रस्त्याकडे बघत, सावकाश. त्याआधी तिने जन्मात सिगारेट ओढली नव्हती. मला नंतर म्हणाली, "मावशी, छाती फुटते की काय असं वाटलं. पण ठरवलं होतं, मेले तरी बेहत्तर, खोकायचं नाही." हायेल तसाच उभा, तोंड अजून सिगारेट धरल्यासारखं. मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले.

ती घरी पोहोचायच्या आत बातमी घरी पोहोचली होती. मी तिथेच होते. इन्साफने तिला दारातच धरलं.

"सिगारेट? सिगारेट, रुदैना? अगं, समोर चांगला हुक्का होता ना!"

"हुक्क्यावरूनच झालं, आई."

"मग ओढायचा हुक्का! ओढायचा दिवसभर! कुणी नाही म्हटलं होतं? त्याच्या तोंडातली ओढलीस? त्याच्या ओठांची?"

"त्याने माझ्या निखाऱ्यावर पेटवली."

इन्साफ क्षणभर थांबली. तो अपमान तिलाही लागला होता, दिसत होतं. मग परत सुरू झाली, "म्हणून काय झालं? पुरुषाची जात ती!" आणि मला म्हणाली, "आपा, तू का हसतेस?" मी हसत नव्हते. अगदीच नव्हते असं नाही.

नायेफ संध्याकाळी आला, त्याने सगळं ऐकून घेतलं. रात्रीचं जेवण झाल्यावर मुफ्लेहचा फोन आला. नायेफ उभा राहून बोलला, भावाशी तो फोनवरही उभा राहूनच बोलायचा. "हो. बरं. हो भाऊ." फोन ठेवला आणि म्हणाला, "शुक्रवारी नमाजानंतर जाहा घेऊन येतोय. हाजी फलाहना पुढे घालून."

जाहा म्हणजे दहा-वीस मानाची माणसं एकत्र येऊन काहीतरी मागतात. मुलीचा हात, नाहीतर खुनाची माफी. यजमान कॉफी ओततो. जाहाचा पुढारी पेला समोर ठेवतो आणि म्हणतो, मागणं मान्य झाल्याशिवाय तुमची कॉफी पिणार नाही. मग यजमानाने म्हणायचं असतं, प्या, आलात ते मिळालं. पेला तसाच गार झाला तर त्या घराचं नाक कापलं गेलं. आणि हाजी फलाह म्हणजे माजी नगराध्यक्ष. त्यांचा पेला कुणाच्या घरी कधी गार झालेला नव्हता. सख्ख्या भावाच्या घरी जाहा आणायचं काही कारण नसतं. मुफ्लेहने आणला तो एवढ्यासाठीच, की नायेफला तोंड उघडायला जागा राहू नये.

मागणं काय, ते त्याने फोनवरच सांगितलं होतं. रुदैना हायेलला द्यायची, उन्हाळ्याच्या आत लग्न, विद्यापीठ बंद. पोरीने चुलतभावाच्या तोंडातलं तोंडाला लावलं, आता तिला दुसरा कोण करणार? आणि चुलतभावाचा हक्क तसाही पहिला.

गुरुवारी नायेफ स्वयंपाकघरात कॉफीच्या बिया भाजत बसला होता. असल्या कामाला तो इन्साफलाही हात लावू देत नसे. रुदैना दारात उभी राहिली.

"बाबा, उद्या तुम्ही काय म्हणणार?"

तो पळी फिरवत राहिला. "जाहाला नाही म्हणत नाहीत, पोरी."

"म्हणजे हो म्हणणार."

"मी तसं म्हटलं का?"

"मग तिसरं काय असतं?"

"करपतील. मधे बोलू नकोस."

"नाही म्हणता येत नसेल तर मी बाहेर येऊन म्हणेन. सगळ्यांसमोर."

नायेफने पहिल्यांदा मान वर केली. "तू बाहेर आलीस, तर उद्यापासून मला या गावात डोकं वर करून चालता येणार नाही."

"आणि हो म्हणालात तर मला घराबाहेर पडता येणार नाही. पायच राहणार नाहीत मला. ते चालेल?"

मी मधे पडले. म्हटलं, "नायेफ, तुझा भाऊ म्हणजे काही खलिफा नाही." तो म्हणाला, "आपा, तुम्हाला भाऊ नाही, तुम्हाला कळणार नाही." हे बरोबर होतं, म्हणून मी गप्प बसले, मला ते फारसं जमत नाही. बिया करपल्याच. त्याने त्या टाकून दिल्या आणि नव्या घेतल्या.

शुक्रवारी ते आले. लाल चौकड्यांचे रुमाल, इस्त्रीचे पायघोळ झगे, दाराबाहेर बुटांचा ढीग. मुफ्लेहने सोबत कुनाफ्याची परातच आणली होती, पाकात निथळणारी, वर पिस्त्याचा चुरा. होकार यायच्या आधीच मिठाई! ती परात त्याने अशी मधोमध ठेवली की सगळ्यांना दिसावी. हायेल दाराजवळच्या खुर्चीवर, केस चापूनचोपून बसवलेले. आणि हाजी फलाह भिंतीकडच्या मानाच्या जागी. उंच, वाळका माणूस, हातात सिगारेट. त्या हातात सिगारेट नाही असं त्यांना मी कधी पाहिलं नाही; एक संपायच्या आत दुसरी पेटायची. त्यांचं बघून बाकीच्यांनीही पेटवल्या. खोलीत इतका धूर झाला की मला फानूसचा वरचा मजला म्हणतात तो कसा असेल ते न जाता कळलं.

आम्ही बायका बोळात, दाराच्या फटीशी. इन्साफने पाण्याचे ग्लास तबकात भरून ठेवले होते, कॉफीनंतर आत न्यायला. तबक रुदैनाच्या हातात होतं. मीच दिलं होतं, हात रिकामे राहिले तर ही काय करेल याचा भरवसा नव्हता.

नायेफने किटलीतून कॉफी ओतली. बिनकानाचा पेला, तळाशी घोटभर, वेलदोड्याचा वास बोळापर्यंत आला. हाजी फलाहनी पेला घेतला आणि समोरच्या तिवईवर ठेवला.

"अबू मुहन्नद," ते नायेफला त्याच्या मुलाच्या नावाने म्हणाले, "आम्ही तुझ्या दारात मागायला आलोय. मिळाल्याशिवाय ही कॉफी आम्ही पिणार नाही."

"तुमचं घर आहे, हाजी. बोला." नायेफ म्हणाला.

हाजी बोलू लागले. आधी देवाचं नाव, मग दोन्ही भावांच्या वडिलांचं, मग कुटुंबाचं. तिथून गाडी काळावर आली. "आज काय दिवस आलेत! मुली कॅफेत बसतात. रस्त्यावर, काचेत! हातात," इथे त्यांनी स्वतःची सिगारेट उचलून दाखवली, "हे! हा विस्तव हातात धरतात! ज्या तोंडाने कुराण म्हणायचं, ज्या तोंडाने उद्या मुलांना अंगाई गायची, त्या तोंडातून धूर!" आणि एक दीर्घ झुरका घेतला.

बोळात माझ्या शेजारी रुदैना पुटपुटली, "त्यांचं तोंड कुराण म्हणत नाही वाटतं."

"चूप," इन्साफ म्हणाली.

"मुलगी म्हणजे," हाजी पुढे म्हणाले, "काचेचं भांडं. धुराने काळं झालं की—" आणि तिथे त्यांना खोकला आला.

आधी साधा. मग दुसरा. मग तो असा उसळला की डोक्यावरचा रुमाल सरकला. पन्नास वर्षांच्या सिगारेटी एकदम बाहेर पडायला निघाल्या होत्या. चेहरा लाल, मग जांभळा. मुफ्लेह पाठीवर थोपटतोय, कुणी खिडकी उघडतोय, कुणी ओरडतोय, "पाणी! पाणी आणा!"

इन्साफने रुदैनाला ढकललं. "ने. पाणी ने लवकर!"

रुदैना हलली नाही.

"अगं, ने म्हणते ना!"

"नाही नेणार."

"मरेल तो माणूस!"

"नाही मरत. रोज खोकतात ते." तिचे डोळे फटीला लागले होते. "बोलू दे ना आता. माझं आयुष्य मागायला आलेत, मीच पाणी नेऊ त्यांना?"

इन्साफने तबक ओढलं, रुदैनाने सोडलं नाही, ग्लास एकमेकांवर आपटले. आणि आत, हाजी फलाहनी डोळे मिटलेल्या अवस्थेत तिवईवर हात चाचपडला, हाताला जे लागलं ते उचललं आणि घशाखाली ओतलं.

खोकला थांबला.

सगळी खोलीच थांबली. हाजींनी डोळे पुसले, हातातल्या पेल्याकडे पाहिलं. रिकामा.

कुणाला काय करावं ते सुचेना. जाहाचा पुढारी मागणं पुरं करायच्या आधीच कॉफी प्यायला, असं कुणी पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं नव्हतं. पेला तोंडाला लागला की आमच्याकडे मागणं संपलं; माणूस समाधानाने प्यायला, असाच त्याचा अर्थ, त्यानंतर काही मागता येत नाही.

माझ्या शेजारची जागा रिकामी होती. रुदैना आत गेली होती, तबक सरळ धरून, डोक्यावर ओढणी, पाय जराही न अडखळता. तिने हाजींसमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"हाजी, कॉफी पचू दे. आमच्या घरची कॉफी तुम्हाला गोड लागली, आनंद झाला."

मुफ्लेह उठून उभा राहिला. "ही इथे काय करतेय? आत जा! नायेफ, खोकल्याने प्यायले ते. ते पिणं धरायचं नाही. दुसरा पेला भर."

नायेफच्या हातात किटली होती. तो भावाकडे बघत होता. किटलीची चोच खाली झुकायला लागली, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी सवय होती ती, भावाने म्हटलं की हात हलायचा.

"बाबा," रुदैना म्हणाली. एवढंच. ओरडली नाही, रडली नाही, हललीही नाही.

नायेफने किटली निखाऱ्यांच्या शेगडीवर परत ठेवली.

"भाऊ," तो म्हणाला, "हाजी प्यायले. माझ्या घरात त्यांचा पेला भरला गेला आणि गारही झाला नाही. आता आणखी काय ओतू?"

"तू मला नाही म्हणतोस?"

"मी कुठे काही म्हटलं? तुम्ही अजून मागितलंच कुठे आहे?"

कुणीतरी घसा खाकरला. हायेल बुटांकडे बघत होता. मुफ्लेह हाजींकडे वळला. "हाजी, तुम्ही सांगा."

हाजी फलाह काय आहेत, ते मला त्या दिवशी कळलं. त्या माणसाला मुलींबद्दल काडीची अक्कल नव्हती, पण रिवाज ठाऊक होता. त्यांनी रिकामा पेला दोन बोटांत धरून हलवला, जसा बस, आता नको म्हणताना हलवतात, आणि नायेफला परत दिला.

"प्यायलो, अबू हायेल," ते मुफ्लेहला म्हणाले. "मी प्यायलो, हे वीस जणांनी पाहिलं. आता कुठल्या तोंडाने मागू?" मग रुदैनाकडे पाहिलं. "पोरी, पाणी उशिरा आलं."

"हो हाजी," ती म्हणाली. "मुद्दाम."

इन्साफने दाराआड कपाळाला हात लावला. हाजी तिच्याकडे बघत राहिले, मग हसता हसता त्यांना परत खोकला आला, आणि या वेळी तिने ग्लास स्वतः त्यांच्या हातात दिला.

पाच मिनिटांत बुटांचा ढीग संपला. मुफ्लेह मुलाला घेऊन सगळ्यांत शेवटी निघाला. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आजपासून मला भाऊ नाही. बापाच्या बागेतलं ऑलिव्हचं तेलही तुझ्या दारात येणार नाही. तुझ्या वकीलसाहेबांना म्हणावं, जा कोर्टात." हायेल बापामागून गेला, मागे न बघता. कुनाफ्याची परात तशीच राहिली. इन्साफ म्हणाली, परत पाठवा, हराम आहे तो घास. मी दोन तुकडे खाल्ले. चांगला झाला होता, वाया का घालवायचा?

नायेफ त्याच धुराने भरलेल्या खोलीत एकटा बसून राहिला. रुदैना समोर येऊन बसली.

"विद्यापीठात जा," तो म्हणाला. "पण फानूसमध्ये वरच बस. तेवढं माझ्यासाठी."

"नाही, बाबा."

"मी आज तुझ्यासाठी भाऊ सोडला."

"माहीत आहे. म्हणून खोटं हो म्हणत नाहीये. वर श्वास घेता येत नाही. दुसरं काहीही सांगा."

त्याने दुसरं काही सांगितलं नाही. तिने इकडे-तिकडे पडलेली राखेची भांडी उचलली आणि एकेक करून बाहेर नेली. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी वर्ग सुरू झाले तशी ती फानूसमध्ये खालीच बसली. त्या वर्षी वारशाच्या विषयात ती पहिली आली. आज ती घटस्फोटाचे, पोटगीचे खटले चालवते. सिगारेटही ओढते, दोन खटल्यांच्या मधे, कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी राहून. मी ओरडते तिला. हुक्का आणि सिगारेट दोन्ही, मरशील म्हणते. ती म्हणते, मावशी, तुमचं ऐकते, कारण तुम्ही निदान छातीचं तरी बोलता. आणि ओढतच राहते.

पण त्या भांडणानंतरचा शरद ऋतू मला आठवतो. ऑलिव्हची तोडणी झाली, घाणे सुरू झाले, आणि नायेफच्या दारात तेलाचे डबे आले नाहीत. त्याच्या जन्मात पहिल्यांदा. अख्ख्या गल्लीला कळलं. इन्साफने बाजारातून डबा आणला आणि त्यावर रोज रडली. तेलाला वास नाही, घशाला टोचत नाही, ही काय चव म्हणायची? मुफ्लेहच्या बायकोने निरोप पाठवला होता: पोरीने येऊन हायेलची माफी मागावी, डबे उद्याच पोहोचतील.

सकाळची न्याहारी चालू होती. ताजी रोटी, तीळ घालून कुटलेला झातरचा मसाला, बशीत ते बाजारचं तेल. इन्साफने निरोप सांगितला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "दोन शब्द तर बोलायचे. दोन शब्दांनी जीभ झिजते का?"

नायेफ रोटीकडे बघत होता. रुदैनाने रोटीचा मोठा तुकडा तोडला, तेलात बुडवला, झातरात घोळवला आणि तोंडात टाकला. नीट चावला.

"मला तर चांगलं लागतं," ती म्हणाली, आणि बशी बापाकडे सरकवली.